दोन इंच सांगितले, चार इंच बसवले

दिनांक १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार, सकाळी पावणेनऊ

मी, सम्यक धोंडिबा साळवे, वय ३६ वर्षे, व्यवसाय मोबाईल टॉवर दुरुस्तीचा ठेका, राहणार करमाड, जिल्हा छत्रपती संभाजीनगर, ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

मी आई सत्यभामा, वय ६७, हिच्यासह राहतो. आईच्या दोन्ही किडन्या निकामी आहेत. दर मंगळवारी व शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तिला शहरात डायलिसिसला न्यावे लागते. माझ्याकडे चार बाय चार पिकअप आहे. त्या गाडीने मी रोज लाडसावंगीच्या डोंगरातील टॉवरवर जातो आणि आईलाही तिनेच नेतो.

ऑक्टोबरमध्ये टॉवरच्या वाटेवर दगड लागून गाडीचे ऑइल चेंबर दोनदा फुटले. पुन्हा काम अडले तर ठेका दुसऱ्याला देऊ, असे टॉवर कंपनीच्या सुपरवायझरने सांगितले. म्हणून पुढे स्पेसरचे ठोकळे व मागे स्प्रिंगचे जास्तीचे पाटे घालून गाडी उंच करायचे ठरवले. जालना रोडला शेंद्र्याजवळ तन्वीर चांदपाशा शेख यांचे गॅरेज आहे. ओळख आठ वर्षांची आहे, तरी गाडी उघडलेली असताना मी सहसा समोरून हलत नाही. तन्वीर म्हणाले, "दादा, रोज रोडवर चालवायची गाडी हाय, दोन इंच लई झालं. चार इंचाला गाडी वळणावर झोके खाती." मला चेंबरसाठी चार इंच बरे वाटत होते.

दिनांक २ नोव्हेंबर रोजी घरासमोर आईला चढवून पाहिले. डाव्या बाजूच्या चाकांखाली एक-एक इंचाच्या लाकडी फळ्या सरकवल्या. दोन फळ्यांवर आई दांडी धरून चढली. तिसऱ्या फळीला गुडघा अडला. चौथ्या फळीला तिला पाय ठेवताच आला नाही. मी दोन इंच पक्के केले. आईने विचारले, "दोन इंचात तुझं चेंबर वाचंल का?" मी सांगितले, सांगता येत नाही.

दिनांक ७ रोजी दवाखान्यातून परतताना गाडी गॅरेजला लावली. 'दोन इंच' असे चिठ्ठीवर लिहून तन्वीर यांची सही घेतली. पाटे आवळायचे यू-बोल्ट कमी पडत होते. गॅरेजवाले डुप्लिकेट माल आणतात, म्हणून मी स्वतः आणायला गेलो. अर्धा तास लागला. तेवढा वेळ आई, जिला तन्वीर मावशी म्हणतात, गॅरेजमध्ये खुर्चीवर बसून होती. नंतर आम्ही दोघे रिक्षाने घरी आलो. आईला रिक्षाचा काही त्रास झाला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली. रविवारी सकाळी टेप लावला. दाराखालच्या पट्टीची जमिनीपासूनची उंची आधी एकवीस इंच होती, ती पंचवीस भरली. सोमवारी जाब विचारला तेव्हा तन्वीर यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पान्हा पुसत म्हणाले, "राहू द्या की दादा, पैसे दोन इंचाचेच घेतलेत." तेव्हाच मला कळले की कुठेतरी पाणी मुरते आहे. कमी पैशात जास्त माल कोणी देत नाही. कुणाच्या तरी गाडीचा उतरवलेला चार इंची सेट माझ्या गळ्यात मारला, असा मला पक्का संशय आला. खाली करून द्या म्हटल्यावर म्हणाले, "मावशीला इच्यारून या, मग उतरवतो." ही टोलवाटोलवी आहे हे मी ओळखले.

मंगळवारी आई चढली नाही. मी स्टूल ठेवले, तिने त्यावर पाय दिला नाही. उचलू लागलो तर तिने दाराची चौकट घट्ट धरली. गुडघा दुखत असेल असे मला वाटले. बुधवारी दवाखान्याने जादा वेळ दिली म्हणून रिक्षा आणली. "दणके बसतेत," म्हणून तिने रिक्षालाही नकार दिला. तिच्या पायांवर सूज आहे व आडवे झाल्यावर दम लागतो. तन्वीर यांनी केलेल्या फसवणुकीमुळे माझ्या आईच्या जिवाला धोका निर्माण झाला, अशी तक्रार देण्यास मी आज ठाण्यात आलो.

एवढे सांगून झाल्यावर तन्वीर यांना बोलावण्यात आले. सेट दुसऱ्या गाडीचा होता हे त्यांनी कबूल केले. मग ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमी यू-बोल्टला गेलता, तवा मावशीच बोलल्या. म्हन्ल्या, चारच बसव, पोराचं काम जाईल. त्याला सांगू नको. मी म्हन्लं, तुमी चढणार कशा? तर म्हन्ल्या, मला आता या गाडीत लई दिवस चढायचं नाय." तन्वीर पुढे म्हणाले, "मला वाटलं, पोरीकडं ऱ्हायला चालल्या शहरात."

माझी बहीण सुलेखा शहरात राहते. आईने तिच्याकडे राहायला जाण्याचे आमच्या घरात कधी ठरलेले नाही.

तन्वीर ठाण्यात येताच मी त्यांना हरामखोर म्हणालो होतो, त्याबद्दल त्यांची माफी मागितली आहे. त्यांच्याविरुद्धचा मजकूर खोडावा असे मी म्हणालो. लिहिलेले खोडता येत नाही असे हवालदार साहेबांनी सांगितले, म्हणून तो तसाच आहे.

मग तक्रार कोणाविरुद्ध, असे साहेबांनी विचारले. कोणाविरुद्ध नाही. आईला ठाण्यात बोलावू नये आणि तिचा जबाब घेऊ नये. तिला काय विचारायचे ते मलाच अजून ठरवता आलेले नाही.

आता साडेनऊ वाजले आहेत. आईची वेळ अकराची आहे.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी शेवटपर्यंत ऐकला नाही, पण बरोबर असेल. सही घेऊन मला लवकर सोडावे.