पापलेटांच्या पेटीतलं सर्किट

उत्तनच्या बसथांब्यावर रांगेत हंसाबाईंच्या पुढे मॅबेल आणि तिचा मासेविक्या भाऊ मॅक्सवेल उभे होते.

"दादा, बर्फाची पेटी उघड. सर्किट पापलेटांत ठेवायचंय."

"येडी हाय का तू?"

"आज कॉलेजात दाखवायचंय. उन्हात व्होल्टचा आकडा हलला न्हाय. थंडीत हलला तर नापास!"

"हलणार कसा न्हाय?"

"तापलं की एका भागाचा व्होल्ट उतरतो, दुसऱ्याचा तेवढाच चढतो. बेरीज तीच! आणि बटणाएवढ्या सेलवर वर्षभर चालतं."

"ठेव, पण पिशवीत बांधून."

"मीटर बघ."

"एक पॉइंट दोन... अजून तेवढाच... मॅबेल, हललाच न्हाय गो!"

"न्हाय हलला! न्हाय हलला!"

"नाचू नको, वायर तुटेल! अगो, बस गेली!"

"दुसरी येईल! आकडा जागेवर हाय ना?"

"आहे गं, जागेवरच आहे!" मीटरवर वाकलेल्या हंसाबाई ओरडल्या. बस त्यांचीही गेली होती.