करकर

माझं पंक्चर निघेपर्यंत मी सायकलच्या दुकानात बाकावर बसलो होतो. शेजारी एक नवरा-बायको होते. नवऱ्याच्या बारीक टायरच्या सायकलचा ब्रेक मिस्त्री आवळत होता.

“साहेब, तार आणखी किती ओढू? रबर रिमला टेकतंय, तरी चाक थांबत नाही.”

“काल नुसती करकर करत होती. तेल घातलं, तेव्हा कुठे गप्प झाली.”

“तेल कुठे घातलंत?”

“रबरावर. रिमलाही थोडं पुसलं.”

“अहो, ब्रेकला कुणी तेल घालतं का?”

“दाराच्या बिजागरीला घालतो, तुझ्या शिलाई मशीनला घालतो. तेव्हा नाही बोललीस!”

“थांबा. करकर तर पोरीच्या सायकलचीही होती.”

“हो.”

“तिलाही घातलंत?”

“बाटली हातात होतीच...”

“ताई, पोरगी कुठाय आत्ता?”

“क्लासला निघालीये. सगळा उतार आहे हो दादा!”

“फोन लावा आधी.”

“वाजतोय नुसता. उचलत नाही.”

“पुन्हा लाव. स्पीकरवर टाक.”

“लावतेच आहे! तुम्ही आता कशालाच हात लावू नका. उचल गं बाई, उचल...”

“काय गं आई?”

“सायकलवरून उतर आधी!”

“मी चालतच निघालेय. ब्रेकच लागला नाही, फाटकावर आपटले. गुडघा खरचटलाय फक्त.”

“बरी आहेस ना गं?”

“हो. पण बाबांना सांगू नकोस हं. काल त्यांनी एवढी छान करून दिली आणि मी लगेच बिघडवली.”

बाईंनी फोन नवऱ्यापुढे धरला.

“घ्या. बोला.”