बाजीबानं कोरलेला बांध

मंडळी, ऐका! आधी एक सवाल. शेजारी भांडखोर आहे, दरसाल बांधावरून तुमच्याशी भांडतो, आणि एक दिवस तो गाव सोडून शहरात कामाला गेला — तर नफा कुणाचा? मागचे दादा म्हणतात, आपलाच! पुढं या दादा, सतरंजी रिकामीच आहे. गावात बसायला माणसं उरलीत कुठं?

तर आंबेखिंड नावाचं डोंगरउतारावरचं गाव. वरचं रान सोपान घारेचं, खालचं त्याचा चुलतभाऊ बाजीबाचं. मधे दगडाची ताल. उतारावरची माती धरून ठेवते ती ताल, तोच दोघांचा बांध. बाजीबा मोठा भाविक! एकादशी कधी चुकली नाही — आणि बांध कोरायचंही चुकलं नाही. वैशाखात नांगर असा बांधाला घासायचा, की हातभर जमीन आपली! मग सोपान यायचा. शिव्यांची लाखोली! पार पणजोबांपर्यंत — आणि पणजोबा दोघांचे एकच, हे दोघांच्याही ध्यानात नाही! पण शिव्या देता देता सोपान काय करायचा? ढासळलेले दगड उचलायचा, हद्द मागं सारायचा, ताल पुन्हा रचायचा. बायका भाकरी घेऊन येईतो बांध नवा झालेला असायचा. वीस वर्षं हेच चाललं.

पुढं पोरं शहरात गेली, रानात राबायला माणूस मिळेना, तसा सोपानही चाकणला गेला. एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झाला. बाजीबानं त्या दिवशी घरात शिरा करायला लावला! बायको तान्हूबाईनं विचारलं, आज पूजा आहे का? तर म्हणे, पूजा कसली, पीडा टळली.

मग काय! पहिल्या साली हातभर, दुसऱ्या साली हातभर — चार सालांत चार हात! कुणी ओरडेना. बाजीबा बांधावर उभा राहून मुद्दाम खोकायचा. वरून जबाब नाही. हसताय तुम्ही, पण त्याला खरंच करमेना हो!

चौथ्या साली आषाढात पावसानं तीन दिवस झड लावली. तालीचा पाया बाजीबानंच पोखरलेला. ताल बसली! वरच्या पडीक रानाचं पाणी सुटलं ते लावलेला भात आणि माती घेऊन थेट ओढ्यात. खाली उघडा मुरूम राहिला. त्या मुरमावर बसून बाजीबा रडला.

आता चार दगड ढासळले तर एकटा बसवील, पण मुळापासून पडलेली ताल एकट्यानं रचता येत नाही. एकानं दगड द्यायचा, दुसऱ्यानं बसवायचा. बाजीबा गावभर फिरला. अकरा घरं, आठांना कुलूप, तीन घरांत काठी टेकणारी माणसं. तान्हूबाई म्हणाली, "ज्याचा बांध कोरलात त्यालाच आणा. दगड बसवायचं त्यालाच येतं."

बाजीबा एस्टीनं चाकणला गेला. सोपानला वाटलं, सही मागायला आला. फाटकाआडूनच म्हणाला, "जमीन विकायची नाही मला."

बाजीबाची मान खाली. म्हणाला, "सोपाना, मी चार हात तुझ्यात शिरलोय. ताल पडली. माझी माती गेली, पुढच्या पावसात तुझीही जाईल. ये, आणि मला मागं सार."

सोपाननं फाटक उघडलं. मग दिवाळीला चार दिवसांची रजा काढून आला. चारही दिवस शिव्या देत होता, आणि बाजीबा एकेक दगड त्याच्या हातात देत होता. हद्द चार हात मागं गेली. वरचं रान बाजीबानं कसायचं आणि अर्धं धान्य सोपानचं, असंही ठरलं. पाचव्या दिवशी सोपान परत गेला. मी खोटं सांगणार नाही मंडळी, चार दिवसांत गाव वसत नाही. पण माती थांबली.

आता सांगा, नफा कुणाचा? आणि इथं बसलेल्यांपैकी कुलूपवाल्या शेजाऱ्याच्या रानात कोण कोण, किती किती हात शिरलंय? हात वर करू नका! तलाठ्याला नसलं तरी देवाला ठाऊक आहे. उद्या सकाळी त्याला फोन लावा. तुझी हद्द सरकवलीय, ये, असं सांगा. तो शिव्या देईल. देऊ द्या. शिव्या द्यायला का होईना, माणूस गावात तर येईल! म्हणा, विठ्ठल विठ्ठल — आणि कोरणाऱ्यांनी जरा मोठ्यानं म्हणा!