वाकून मिळालेली खोली

...आणि खुर्च्या? खुर्च्या मांडायच्या कुणी, ते सांगा ना! पाठदुखीवाल्यांची संस्था काढलीत, उत्तम केलंत, सभा बोलावलीत, त्याहून उत्तम, पण भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या लोखंडी खुर्च्या उचलून मधे आणणार कोण? सगळे एकमेकांकडे बघतायत! हा म्हणतो, "माझा खालचा मणका..." तो म्हणतो, "माझी शीर..." तिसरा म्हणतो, "मी उचलली असती हो, पण मग मला कोण उचलणार?" शेवटी ठरलं, सभा उभ्यानेच घ्यायची. उभ्याने! तर अर्ध्यांना उभं राहवत नाही, ते जमिनीवर आडवे! तुम्हाला सांगतो, निम्मी सभा उभी, निम्मी आडवी, बसलेलं कुणीच नाही... खालच्या रंगाच्या दुकानातला माणूस सहज वर डोकावला, तो किंकाळी फोडून खाली पळाला. त्याला वाटलं, विषबाधा!

हा सगळा उद्योग आमच्या दाजींचा. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. जन्मभर गाडी शिकवली त्यांनी लोकांना. तुम्ही म्हणाल, बसून काम, त्यात पाठ कशी जाईल? अहो, शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, एक पाय कायम त्या जादा ब्रेकवर ताणलेला, एक डोळा रस्त्यावर, एक आरशात, आणि तो पठ्ठ्या क्लच सोडणार तो असा... धाडकन! निम्म्या शहराने सोडलेला क्लच दाजींच्या एका मणक्यात जाऊन बसलाय. एक दिवस शिकवणी संपली, शिकणारी बाई "थँक्यू सर" म्हणून गेली, आणि दाजी उतरेचनात. दार उघडं, एक पाय बाहेर, एक आत, माणूस जागच्या जागी! मागून हॉर्न वाजतायत, कुणी ओरडतंय, "अहो, धड उतरा नाहीतर धड बसा!" आता यातलं एक तरी जमलं असतं तर...

मग डॉक्टर झाले, फोटो झाले. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "वा! या वयाला सुंदर कणा आहे!" सुंदर! माणूस समोर पालथा पडलाय आणि कणा सुंदर! हात मोडला तर प्लास्टर दिसतं, दात दुखला तर गाल सुजतो, साधी सर्दी झाली तरी नाक लाल होतं. पाठीचं काय? पाठ तुमची तुम्हालाच दिसत नाही, ती दुसऱ्याला काय दिसणार! दुखणं दिसत नाही ना हो!

आणि दिसत नाही म्हटल्यावर सगळ्यात आधी कुणाला दिसत नाही? घरच्यांना! ताई म्हणायची, "जड सामान दारात आलं की यांची पाठ बरोब्बर दुखते. घड्याळ चुकेल, पाठ चुकायची नाही." दाजी जमिनीवर आडवे पडून पंख्याकडे बघायचे. तिथेच त्यांना सुचलं की आपल्यासारखे आणखी पुष्कळजण असतील, जे कुठल्या ना कुठल्या पंख्याकडे बघत पडले असतील, त्यांनी एकत्र यावं. नाव ताईनेच दिलं, टोमणा म्हणून. "स्वतःची पाठ राखायला काढताय ना, मग पाठराखण म्हणा!" दाजींना ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी पाटी रंगवून आणली. टोमणा वाया गेला म्हणून ताई आठवडाभर धुमसत होती.

घरचा फोन तोच मंडळाचा फोन. दाजी फोन छातीवर ठेवून पडायचे. सल्ला नाही, औषध नाही, नुसतं "हं... हो ना... असंच होतं... माझंही तसंच." बस्स! पलीकडचा माणूस रडायचा, मोकळा व्हायचा. आणि दाजी आंघोळीला गेले की फोन घ्यायची ताई! "पाठ दुखते? बरं, तुमच्याकडे झाडू कोण मारतं?... तुम्ही नाही ना? मारून बघा!" अशाने संस्था चालते का?

तरी चालली. पण खोली वरच्या मजल्यावर! रंगाच्या दुकानाच्या डोक्यावर, आणि वर जायला लोखंडी गोल जिना. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, ते ठीक आहे, पण दानाच्या खोलीचा जिना चढावा लागतो त्याचं काय? ज्याला तो जिना चढता येतो त्याला संस्थेची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे तो खाली उभा राहून वर बघतोय!

त्यात एक शिलाईवाली यायची. कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसणारी. दिवसभर वाकून वाकून पाठ लाकूड झालेली. कारखान्यातला मुकादम म्हणायचा, "नाटकं!" घरी सासू म्हणायची, "आम्ही नाही का कामं केली?" ही बाई कठडा धरून, थांबत थांबत वर यायची, खिडकीपाशी चटईवर पडायची आणि डोळे मिटायची. एक शब्द नाही. त्या खोलीत "खरंच दुखतं का गं?" असं कुणी विचारत नाही, तेवढ्यासाठी यायची. आणि चेहरा सदा हसरा. सदा!

एकदा सभा संपल्यावर दाजींना म्हणाली, "दादा, पुढच्या वेळेपासून मी येत नाही. जिना होत नाही आता."

दाजी म्हणाले, "मग फोन करत जा."

"फोन घरात आहे, दादा. घरात कुणासमोर म्हणू, दुखतंय?"

दाजींना ते लागलं. तसे ते लावून घेणाऱ्यातले नाहीत, पण हे लागलं. दुसऱ्या दिवसापासून जो भेटेल त्याला विचारत सुटले, तळमजल्यावर खोली आहे का, पायरी नको, उंबरा नको... आणि कळलं की गादीवाल्याच्या दुकानामागे एक खोली रिकामी पडून आहे. रस्त्यावरून थेट आत. दाजी गेले, हात जोडले, सगळं सांगितलं. गादीवाला म्हणाला, "येतो, बघतो. खरोखरच दुखणारे असतील तर खोली तुमची."

खरोखरच! आता आली का पंचाईत? दाखवणार काय? दुखणं दिसत नाही ना हो!

तेव्हा आमचा सलूनवाला पुढे सरसावला. हा मंडळाचा सभासद, जन्म उभ्याने गेलेला, कंबर कामातून गेलेली, जीभ मात्र कात्रीसारखी चालती. म्हणाला, "दाजी, गिऱ्हाईकाला केस कापलेले दिसले पाहिजेत, नाहीतर तो पुन्हा येत नाही. तसं आहे हे. त्या माणसासमोर जरा कण्हायचं!"

दाजी भडकले. "जग आपल्याला नाटकी म्हणतं, आणि आता आपण खरंच नाटक करायचं?"

"नाटक कसलं? दुखतंय ते खरंच आहे. आवाज फक्त वरून लावायचा."

दाजी दारापर्यंत गेले. मग त्या जिन्याकडे बघितलं आणि म्हणाले, "करा काय ते."

तालीम झाली! तुम्हाला सांगतो, इतकी वाईट तालीम मी जन्मात पाहिली नाही. सलूनवाला प्रत्येकाकडे बोट करतोय, "तुम्ही म्हणा, आई गं! तुम्ही, अयाई गं! काकू, तुम्ही हुंदका!" आणि कुणाला जमेल तर शपथ! एकाचं कण्हणं जांभईसारखं, काकूंचा हुंदका उचकीसारखा. अहो, ज्याला खरं दुखतं तो ओरडत नाही, श्वास धरून बसतो! त्याला कण्हायला सांगणं म्हणजे... जाऊ दे. शिलाईवालीला म्हणाले, "बाई, तुम्ही नुसता चेहरा पाडा." तिने प्रयत्न केला. पडेना. हसूच यायला लागलं.

उजाडला तो दिवस. ताई चहाचा ट्रे घेऊन हजर, कारण ट्रे उचलणारं दुसरं कोण? गादीवाला आला तो जिना दोन दोन पायऱ्या गाळत! माणूस कसला, नुसता दांडगोबा. आल्या आल्या छातीवर हात मारून म्हणतो, "मला बघा! या वयात दोन माणसांची गादी एकटा खांद्यावर टाकतो. मनाचे खेळ असतात हो हे!"

सलूनवाल्याने डोळ्याने खूण केली. सुरू! "आई गं..." "अयाई..." काकूंची उचकी! गादीवाला चमकला. ह्याच्याकडे बघ, त्याच्याकडे बघ, हा नेमका कुठला प्रकार त्याला कळेना. आणि त्याची नजर गेली खिडकीपाशी. शिलाईवाली भिंतीला टेकून उभी, एका हाताने गज घट्ट धरलेला, बोटं पांढरी पडलेली... आणि तोंडावर हसू! शेवटचा म्हणून जिना चढून आली होती बिचारी.

"या बाई बघा!" गादीवाला गरजला. "ठणठणीत! हसतायत! यांना काय झालंय? अशी माणसं जमवून खोल्या मागता?"

सगळ्यांचं कण्हणं बंद. शिलाईवाली तशीच हसत होती.

ती म्हणाली, "साहेब, रडलं तर नाटक म्हणतात, हसलं तर बरी आहे म्हणतात. हसण्याने निदान कमी दमायला होतं."

आणि दाजींचा ताबा सुटला! ज्या माणसाने क्लचच्या इतक्या धक्क्यांवर कधी आवाज चढवला नाही, तो माणूस ताडकन उठला आणि बोट नाचवत गादीवाल्यावर धावला. "अहो गादीवाले! नको आम्हाला! तुमची ती खोली घा..." कुठे घाला? चुलीत! 'घाला चुलीत' म्हणायचं होतं त्यांना! पण 'घा' म्हणाले आणि पाठीत चमक मारली. अशी मारली की दाजी कमरेतून काटकोनात खाली! डोकं गादीवाल्याच्या बुटांपाशी, दोन्ही हात लोंबतायत, आणि तोंडातून नुसतं, "खोली घा... घा..."

गादीवाल्याने खाली बघितलं. एवढा पांढऱ्या केसांचा माणूस आपल्यापुढे लवलेला! विरघळला हो तो. "अहो, अहो, काय हे! एवढं वाकायचं? घेऊ का म्हणून काय विचारता, दिली! खोली दिली तुम्हाला!"

"घा..."

"घ्या ना! आजच घ्या!"

सलूनवाल्याने तोंडात रुमाल कोंबला. आणि ताई... ताईने ट्रे ठेवला, दाजींच्या समोर उकिडवी बसली, "अहो, हे काय चाललंय तुमचं?" म्हणून खालून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. वरून सगळ्यांना नुसती पाठ दिसत होती. खालून तिला चेहरा दिसला. रंग उडालेला, ओठ चावलेले, आणि डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावरून टपटप जमिनीवर. ताईने हातातल्या फडक्याने त्यांचं नाक पुसलं. मग तशीच वर मान करून गादीवाल्याला म्हणाली, "हे म्हणतायत, फार उपकार झाले. आता तुम्ही निघा."

घरी आल्यावर दाजी म्हणाले, "मी त्याला शिव्या देत होतो गं." ताई म्हणाली, "माहितेय. पडून राहा." आणि त्या दिवशी दारात आलेलं जड सामान तिने मुकाट्याने आत नेलं. एक टोमणा नाही! दाजी घाबरले, म्हणाले, हिला बरं नाही की काय?

पण दाजी सरळ माणूस. उभं राहता आल्याबरोबर गादीवाल्याकडे गेले. "साहेब, मी वाकलो नव्हतो. मी तुम्हाला बोलत होतो, तेवढ्यात चमक भरली. खोली चुलीत घाला म्हणत होतो मी."

गादीवाला खो खो हसला. "काय विनय आहे हो तुमचा! आणि चमक कसली? चेहऱ्यावर तर काहीच नाही!"

आता यापुढे खरं बोलायचं तरी कसं? दुखणं दिसत नाही ना हो!

तर खोली मिळाली. रस्त्यावरून थेट आत. शिलाईवाली पहिल्या दिवशी आली ती एकदाही न थांबता, आणि चटईवर पडून चक्क रडली. भरपूर. तिला कुणी काही विचारलं नाही. पण गादीवाल्याचं प्रेम असं उतू गेलं की त्याने खोलीभर आपल्या सगळ्यात मऊ, सगळ्यात जाड गाद्या अंथरल्या. अहो, कापसाची दलदल! आडवा झालेला माणूस आत जातो तो जातोच! सभा संपली की चहूकडून नुसते हात वर, आणि ओढून काढणारी एकटी ताई. एकाला काढ, दुसऱ्याला काढ, काकूंना काढताना सलूनवाला पुन्हा आत... आणि व्हायचं तेच झालं. गेली ताईची पाठ!

आता घरात दोघंही आडवी, एकाच पंख्याखाली, मधे तो फोन. "हं... हो ना... असंच होतं," हे आता दोन आवाजांत चालतं. झाडूचा विषय ताई काढत नाही.

परवा मी गेलो होतो. दार ढकललं, तर दोघं पडल्या पडल्याच एका सुरात ओरडली, "ये रे ये! बरं झालं आलास!" मला इतकं भरून आलं, तुम्हाला सांगतो, म्हटलं केवढी माया... तर ताई म्हणते, "चहा टाकून घे. आणि तो जमिनीवर चमचा पडलाय ना, तेवढा उचल आधी. सकाळपासून दोघं त्याच्याकडे बघतोय!"