वेठीचे बैल आणि चंपतरावांचे अपराध

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या तालुक्याचे तहसीलदार माननीय अनंतराव साहेब; व्यासपीठावर शोभून दिसणारे पाहुणे, पेनगंगेच्या काठचे पाटील उद्धवराव; ज्यांना आज आपण निरोप देत आहोत ते आपले गिरदावर चंपतराव; आणि आदिलाबादच्या या शाळेच्या सभागृहात दाटीवाटीने बसलेल्या सज्जनहो,

प्रथम एक खुलासा करतो. चार माणसं एकत्र जमायची तर सरकारची इजाजत लागते, हे आपण जाणताच. ती आपण रीतसर घेतली आहे. अर्जात आम्ही लिहून दिलं आहे की, या सभेत कोणाही अंमलदाराविरुद्ध एक अक्षर बोललं जाणार नाही. मी वकील माणूस, लिहून दिलेला शब्द पाळतो. तेव्हा अंमलदारांची मी फक्त स्तुती करणार आहे. दोष काढायचेच झाले तर ते चंपतरावांचे काढीन, कारण त्यांचा तबादला झाला आहे आणि आता ते कोणाचं काही वाकडं करू शकत नाहीत.

आणि दोष काय थोडे आहेत? गिरदावराचं काम म्हणजे गावोगाव हिंडायचं, पटवाऱ्यांवर नजर ठेवायची आणि वरून आलेला हुकूम खाली ढकलायचा. आपण नेतृत्व नेतृत्व म्हणतो ते याहून वेगळं काय असतं? हुकूम वरून येतो, खालचा त्याच्याही खालच्याला देतो, आणि शेवटी जो बोलत नाही त्याच्या मानेवर तो बसतो. किती सुंदर व्यवस्था! हिच्यात कोणालाच जबाबदार धरता येत नाही. चंपतरावांनी या व्यवस्थेचा अपमान केला. कसा, ते सांगतो.

यंदाच्या पेरणीच्या वेळी हैदराबादहून एक मोठे साहेब शिकारीसाठी आपल्याकडे आले. साहेब म्हटल्यावर सामान आलंच. तंबू, पलंग, फोनोग्राफ, आंघोळीचं भलंमोठं घंगाळ, आणि साहेबांच्या कुत्र्याची खाट. हे सगळं इचोड्याहून नदीकाठी न्यायचं होतं. आमच्या अध्यक्षांनी दूरदृष्टीने हुकूम काढला: उद्धवराव पाटलांच्या गावाने चार गाड्या द्याव्यात. अर्थात वेठीने. आता कोणी कुजकट माणूस विचारील, ऐन पेरणीत काऊन? अहो, वाघाला काय पंचांग कळतं?

पाटलांनीही आपलं कर्तव्य चोख बजावलं. त्या गावची जुनी रीत अशी की, हुकूम आला की पाटलांच्या बैलांना पोटफुगी होते. मी या बैलांचं फार कौतुक करतो. सरकारी शिपाई गावाच्या वेशीत शिरायच्या आत त्यांचं पोट फुगतं. मग गाड्या कोणाच्या निघतात? ज्यांच्या घरात भांडायला माणूस नाही, त्यांच्या. या वेळी पहिलं नाव रेणुकाबाईंचं निघालं. नवरा वारलेला, मुली सासरी गेलेल्या, एक बैलजोडी आणि स्वतःचे दोन हात, एवढ्यावर ही बाई कापूस-ज्वारी पिकवते.

चंपतराव हुकूम घेऊन चावडीवर गेले. रेणुकाबाई शेतातून तशीच आली, मातीच्या हातांनी. तिने रडारड केली नाही. एवढंच म्हणाली, "सायेब, आज वाफसा हाये. बैल आठ दिसानं वापस येतीन. वाफसा येईन का?"

सज्जनहो, पेरणीजोगी ओल हुकमासाठी थांबत नाही; वर्षाची भाकरी या एका प्रश्नात होती. आपल्यापैकी कोणीही शहाणा अंमलदार असता तर त्याने काय केलं असतं? हळहळला असता. वर कळवतो म्हणाला असता. "माझ्या हातात असतं तर..." असं म्हणून बैल नेले असते. हळहळण्याची आपल्याकडे फार थोर परंपरा आहे.

चंपतरावांना तेवढीही रीतभात नाही. त्यांनी हुकूम पुन्हा वाचला. त्यात गाड्या चार होत्या, कोणाच्या ते लिहिलं नव्हतं. ते उठले आणि म्हणाले, पाटलांचे बैल आजारी आहेत, तर आधी त्यांची विचारपूस करून येऊ. सगळं गाव मागं. गोठ्यात दोन जोड्या उभ्या, सरकी खाऊन तुकतुकीत झालेल्या. चंपतरावांनी एकेकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "पाटील, बैल बरे झाले तुमचे. तुमी जुंपता का मी जुंपू?"

आणि खरोखरच जुंपले हो! सरकारी माणसाने, डोक्यावर पागोटं असताना, स्वतः जू उचललं. पुढची गाडी स्वतः हाकली. मागची हाकायला पाटलांच्या गड्याला बसवलं. दोनच गाड्या म्हटल्यावर इचोड्याला अर्धं सामान लिंबाखाली राहिलं. तंबू गेला, शिधा गेला, पलंग गेला. घंगाळ, फोनोग्राफ आणि कुत्र्याची खाट राहिली. साहेबांना पेनगंगेत आंघोळ करावी लागली, कुत्रा जमिनीवर झोपला. मी ऐकतो की दोघांनीही तक्रार केली नाही. पण तक्रार करणारे मधले असतात. पाटील दुखावले, अध्यक्षांना दुःख झालं, आणि ज्यांची पेशकारीवर तरक्की होणार होती त्या चंपतरावांना हवापालटासाठी बेल्लमपल्लीकडे धाडण्याचं ठरलं. तिकडे कोळसा निघतो. फुप्फुसांना चांगला असतो म्हणतात.

रेणुकाबाईची पेरणी झाली. ज्वारी आता गुडघ्याच्या वर आहे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, इजाजतीची मला आठवण आहे.

काल सकाळी मी चंपतरावांकडे गेलो होतो. अंगणात गाठोडी बांधलेली, आणि दारात रेणुकाबाई आपली गाडी जुंपून उभी. कोणाचा हुकूम नव्हता. हुकमाशिवाय आलेली गाडी मी या तालुक्यात पहिल्यांदाच पाहिली. म्हणत होती, साहेबांचं सामान मीच पोचवीन. आणि हा माणूस तिला काय म्हणतो? "उभ्या पिकाची डवरनी सोडून काऊन आल्या बाई? तन माजन. जा घरी." पदराने डोळे पुसत तिने बैल वळवले.

तर सामान अजून अंगणातच आहे. इचोड्यापर्यंत पोचलं तर पुढे मोटार मिळते. वेठीचा हुकूम काढायला चंपतराव अध्यक्षांना सांगणार नाहीत, आणि अध्यक्षांना ते आपणहून सुचणं त्यांच्या प्रतिष्ठेला शोभणार नाही. अध्यक्ष महाराज, दोष काढू नये असं आम्ही लिहून दिलं आहे, प्रश्न विचारू नये असं नाही. तेव्हा भर सभेत, अत्यंत आदराने विचारतो. उद्धवराव, आपण आपल्या गाडीनेच आलात, ती बाहेर उभी आहे. बैलांची प्रकृती कशी आहे?

काय म्हणालात? जरा मोठ्याने. मागे ऐकू गेलं नाही.

बरी आहे. ऐकलंत ना सगळ्यांनी? बरी आहे म्हणतात.

मग माझं काम झालं. आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी मधेच घंटा वाजवली नाही, याबद्दल आभारी आहे. स्तुतीच्या भरात कोणाचं मन दुखावलं असेल तर तो अपराध पोटात घालावा. हारतुरे चालू द्या. मला आणि पाटलांना मात्र क्षमा असावी, आम्ही दोघं गाडी जुंपायला निघतो.