माझ्या हातची गाठ

नाही हो बीबी, घरात कोण शिवतंय आता — सोडलं ते, दोन वर्षं झाली, तुमच्या कंपनीचा कागद आला तेव्हापासून. फुटबॉल शिवायचा तर सडकेवरच्या सेंटरात जाऊन, घरात नाही, असं यूनस ठेकेदारानं सगळ्या गल्लीला सांगितलं, आणि आम्ही ऐकलं. मी नाही जात सेंटरात. कशी जाणार? ते खाटेवर दिसतात ना, ते माझे मालक — अर्धं अंग गेलंय, पाणीसुद्धा मी पाजते. आणि तिथं सगळे बाप्येच बसलेले. तर मी, म्हैस आणि चूल. लस्सी घ्या. मीठ घालू की साखर? लाहोरची माणसं साखर घालतात म्हणे — आपली आपली आवड.

बोटं? ही काय आजची आहेत — तीस वर्षं मेणाचा दोरा ओढलाय, चिरा अशा बुजतात होय? म्हशीचं दावं ओढलं तरी उघडतात. तसंच लिहा. म्हशीनं झालं म्हणून लिहा.

पिशवीतनं काय काढलंत? चेंडू. हवा भरलेला! आम्हाला असा कुठं बघायला मिळतो, इथनं भाकरीसारखा चपटा जातो. द्या इकडे. कुणाच्या हातचा? आता ते कसं — सांगता येतं की, न यायला काय झालं. तुकडे बत्तीस. एकतीस कुणीही शिवेल, ते आतून शिवायचे. शेवटची शिवण बाहेरून, चाचपत, आणि गाठ आत दडवायची — बाई कळते ती तिथं. ही माझी सून रिफ्फत, ती दोरा एकदाच वळवते, चार लाथांत सुटतो. कितीदा सांगितलं. आणि ही बघा, ठेवा बोट — लागतं काही? नाही लागायचं. दोन भोकं मागं जाऊन दोरा उलटा घेतलाय. माझ्या सासूची रीत, तिनं पोटच्या लेकीला नाही दिली, मला दिली. अख्ख्या गावात आता एकाच हाताला येते ती —

कधीचा आहे हा?

गेल्या महिन्यातला, म्हणता.

झाकण घाला पेनाला. जरा थांबा. सासू मला म्हणायची, सुघरा, चांगली गाठ तीच, जी कुणाला सापडत नाही — आणि मीच तुमचं बोट धरून दाखवली. एवढी मेली हौस.

होय, शिवते. यूनस भुशाच्या पोत्यात तुकडे आणतो. सगळी गल्ली शिवते. सुरुवातीला नव्हतो शिवत, खरंच बंद केलं होतं. तुमच्याआधी एक आली होती, तुमच्यासारखीच चांगली, माझी बोटं बघून रडली. म्हणाली, तिकडं विलायतेतल्या लोकांना असे चेंडू घेताना मनाला लागतं. लागलं त्यांच्या मनाला, घेईनात. मग काय, वीटभट्टी. रिफ्फतला सहावा महिना होता, मी म्हटलं तिला, जाऊ नकोस — खोटं बोलले. मी नाही म्हटलं तसं. मीच डबा बांधून दिला. एका दुपारी तिला चारजणींनी उचलून आणली, मूल तिथंच गेलं, तिच्या पोटात पुन्हा काही राहिलं नाही. त्यानंतर मीच गेले यूनसकडे, पाया पडले, म्हटलं, लपवून दे पण दे.

बायकांचं वेगळं सेंटर? तुमच्याआधीची तीही म्हणाली होती. विटा आम्ही पाडल्या, सेंटर काही उभं राहिलं नाही.

मग तिकडच्या लोकांनी करायचं काय, मला विचारता? घेतला तर माझी बोटं, नाही घेतला तर भट्टी. मला माहीत असतं तर तुम्हाला लस्सी पाजून विचारत बसले असते का.

लिहिणारच? नोकरी आहे तुमची, बरोबर आहे. खोटं लिहून कुठं जाल. नाही, पाया नाही पडायची. एकदा पडून झालं.

रिफ्फत, दाराआड उभी राहू नकोस. भुशाचं पोतं काढ, आहेत तेवढे शिवून टाकू, यूनस आता यायचा नाही. आणि गाठ नीट मार — राहू दे. कशीही मार.

बीबी, जा तू आता, पोरी. दार ओढून घे, म्हैस बाहेर पडते.