भिंतीखालचा पाईप

मी मोठ्यानं बोलतो, घाबरू नका. चाळीस वर्षं निजामपुऱ्यात कापडाचा लूम चालवला, बारा-बारा तासांची शिफ्ट, त्या खडखडाटानं कान गेले, तवापासून लोकांना वाटतं म्हातारा रागावलाय. रागावलेला पण हाय. तुम्ही लिहायला बसलाय ना, मंग तेच पयलं लिहा.

जन्म हितलाच, वडप्याचा. तवा हितं गोडाऊन न्हवतं, हायवेच्या दोन्ही अंगाला भाताची खाचरं होती. शाळा दुसरीपर्यंत, मंग सुटली. बापानं बांधलेलं घर आम्ही दोघा भावांनी मधोमध भिंत घालून वाटून घेतलं. मी थोरला, नामदेव धाकटा. भिंत दोन दिवसांत उभी राहिली, पण संडासाची लाईन काय वाटता येत न्हाय, तिचा चेंबर एकच, तो त्याच्या दारापुढच्या ओट्यात गेला. त्या चेंबरवरनंच सगळं झालं. त्यानं गोडाऊनचा टेम्पो दारात आणून लावला, चेंबरचं झाकण फुटलं, मी बोललो नवीन टाक, तो बोलला दादा, चेंबर दोघांचा, झाकण पण दोघांचं. एवढंच. मंग मी बोलू नये ते बोललो, तो आईवर गेला, आणि अकरा वर्षं आम्ही एकमेकांच्या दारात उभे राह्यलो न्हाय. एका झाकणापायी. हसा, हसायचं असंल तर.

आता माझी मंडळी, ताराबाई. अकलोलीची. दर थंडीत माहेरी जायची, कुंडाच्या गरम पाण्यात गुडघे बुडवून बसायची, चार दिवस बरं वाटायचं, परत आली की पुन्हा तीच मोरी. मोरी मागच्या अंगणात, जमिनीबरोबर. तेलाचा पत्र्याचा डबा पालथा घालून त्यावर बसायची, भांडी घासायची, आणि उठताना भिंतीला हात लावून देवाचं नाव घ्यायची. मी आतनं ओरडायचो, देवाला कशाला त्रास देतेस. असा मी.

ती बोलायची, अवो, सैपाकाच्या ओट्यावर सिंक बसवू या, उभ्यानं घासीन. मी बोलायचो, सिंकचं पाणी जाणार कुठं? पाईप चेंबरला जोडावा लागंल, चेंबर त्याच्या ओट्यात. ती बोलायची, मंग भाऊजींना इचारा की. मी बोलायचो, मेलो तरी न्हाय. दर वर्षी हेच. नंतर नंतर तिनं इचारायचं सोडलं. मला वाटलं समजली. माझी अक्कल बघा, मला वाटलं समजली!

ती गेली त्याला आता तीन महिने होतील. सकाळी चहा ठेवला आणि तिथंच खाली बसली. डॉक्टर बोलला हार्ट, बाबा, गुडघ्याचा काय संबंध न्हाय. पोरगी पण तेच बोलते. संबंध हाय का न्हाय ते मला नका सांगू.

दिवस-कार्य झालं, पोरगी सासरी गेली, आणि भांडी माझ्याकडं आली. त्याच डब्यावर बसलो. एक ताट, एक वाटी, एक टोप. उठताना काय झालं ते सांगतो, उठताच आलं न्हाय. भिंतीला हात लावला तर तिथं रंग उडून हाताएवढा डाग पडलेला, गुळगुळीत. तिच्या हाताचा. इतकी वर्षं त्या घरात राह्यलो आणि मी तो डाग कवा बघितला न्हवता. पंधरा दिवस मी त्याच डागावर हात ठेवून उठलो. सोळाव्या दिवशी रफिकला बोलावलं.

रफिक म्हणजे प्लंबर, निजामपुऱ्यातला, जुनी ओळख. त्याला बोललो, सिंक बसव, भिंत फोड, पुढं त्याच्या ओट्याचं तू नामदेवला इचार, मी इचारणार न्हाय. त्यानं टेप काढली न्हाय, माप घेतलं न्हाय, सरळ आला आणि भिंतीच्या तळाला एका जागी छिन्नी लावली. मी बोललो, अरे, माप तर घे. तो ठोकतच राह्यला. वीतभर आत गेला आणि पाईप दिसला. दोन इंची, तोंडाला टोपी बसवलेली, व्यवस्थित.

मी इचारलं, ये किसका है? तो मान खाली घालून बोलला, चाचा, आपका ही है. छह साल पहले मैंने डाला. चाची ने बोला था.

मंग त्यानं सगळं सांगितलं. नामदेवनं सहा वर्षांपूर्वी ओट्याची फरशी बदलली. तवा ही त्याच्याकडं गेली, बोलली भाऊजी, फरशी उघडलीच हाय तर एक तुकडा आमच्या भिंतीपर्यंत टाकून ठेवा. त्यानं लगेच रफिककडनं टाकून घेतला. ढाळ बघून, चेंबरला जोडून, टोपी लावून. आणि तिनं रफिकला शपथ घातली, हे स्वतः भावाशी बोलतील त्या दिवशी खोलायचं, त्याआधी न्हाय. रफिक बोलला, अब चाची ही नहीं रही, मैं किसके लिए रुकूँ?

मी काय शिव्या दिल्या, त्या लिहू नका. रफिकला दिल्या, नामदेवला भिंतीवरनं दिल्या, तिला पण दिल्या, मेलेल्या माणसाला. सहा वर्षं ती त्या पाईपापासून दोन हातांवर भाकऱ्या थापत होती! सगळ्यांना ठाऊक, एक मी सोडून. मला का सांगितलं न्हाय? ओरडून ओरडून दमलो, मंग खाली बसलो आणि मलाच कळलं का न्हाय सांगितलं. सांगितलं असतं तर मी तो पाईप तोडला असता. तिला ते ठाऊक होतं. माझ्यापेक्षा तिला मी जास्त ठाऊक.

रफिकनं टोपी कापली, चिकटवायचं सोल्युशन लावून पाईप वर सिंकपर्यंत आणला. बोलला, पाणी सोडून बघायला पाहिजे, जोडाला गळतंय का ते कळंल, तिकडं चेंबर उघडून बघायला कोणतरी लागंल. मी जागचा हललो न्हाय. तो पण पाना हातात घेऊन बसला. तेवढ्यात त्या उघड्या पाईपातनं आवाज आला. भिंतीपलीकडनं कोण बोललं तर मला ऐकू येत न्हाय, पण पाईपातनं आलेलं सगळं ऐकलं. दादा, झाकण काढलंय. सोड पाणी.

बादलीभर सोडलं. पलीकडनं आवाज आला, आलं, आलं, चांगलं येतंय. मी पाईपाला तोंड लावून इचारलं, तुंबत तर न्हाय ना? तो बोलला, न्हाय दादा. मला आणखी काय तरी बोलायचं होतं. पण मंग रफिकनं खाली ट्रॅप बसवला, त्याच्या वाकात पाणी उभं राहतं, वास येत न्हाय घरात. आवाज पण येत न्हाय.

आता उभ्यानं घासतो. एक ताट, एक वाटी, एक टोप. नामदेवच्या दारात अजून गेलो न्हाय, जाईन. डबा मोरीवरच हाय, त्याला कोणी हात लावायचा न्हाय.

झालं तुमचं लिहून? मला बरं वाटावं म्हणून काय बोलू नका. घरी जा, आणि तुमची बायको भांडी घासून उठताना कशाला हात लावते ते बघा. आजच बघा. सुखी राहा दोघं. निघा आता.